कूबर पीडीत एक रात्र पुरते का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. ऑस्ट्रेलियात अॅडलेडहून उलुरूला, म्हणजे देशाच्या मधोमध असलेल्या प्रसिद्ध लाल खडकाकडे, गाडीने निघालेल्या मराठी मंडळींचा हा ठरलेला प्रश्न असतो: वाटेत कूबर पीडी हे खाणींचं गाव लागतं, तिथे नुसतं झोपायला थांबायचं की काही बघण्यासारखं आहे, आणि एक रात्र पुरते का?

नाही पुरत. दोन रात्री ठेवा, म्हणजे मधला एक अख्खा दिवस हातात राहतो. अॅडलेड ते कूबर पीडी 846 किलोमीटर आहे. एका दिवसात हे अंतर कापलंत तर अंधारात, थकून पोहोचाल आणि सकाळी उठून निघाल. गावाचा बराच भाग मात्र जमिनीखाली आहे. तो महामार्गावरून दिसत नाही, खोलीच्या खिडकीतूनही नाही, कारण जमिनीखालच्या खोलीला खिडकीच नसते.

म्हणून पहिला मुक्काम पोर्ट ऑगस्टाला करा. अॅडलेडपासून ते साधारण 310 किलोमीटरवर आहे. तिथे टाकी काठोकाठ भरा. पुढे सुमारे 170 किलोमीटरवर पिंबा लागतं, तिथे पुन्हा भरा, अर्धी टाकी शिल्लक असली तरी. त्यापुढे ग्लेंडांबो येतं आणि मग कूबर पीडीपर्यंत जवळजवळ 250 किलोमीटर एकही पंप नाही. आडरानातला पंप कधी बंद असेल याचा भरवसा नसतो, तेव्हा ग्लेंडांबोला भरू असा हिशेब करू नका. समोरून वारा, चालू एसी आणि ताशी 110 चा वेग एकत्र आले की गाडी रोजच्यापेक्षा बरंच जास्त पेट्रोल पिते. माणशी रोजचं पाच लिटर पाणी धरा आणि वर दहा लिटरचा एक कॅन डिकीत न उघडता ठेवा. गावांच्या मध्ये फोनला रेंज नसते, त्यामुळे नकाशे आधीच उतरवून घ्या. गाडी बंद पडलीच तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही.

या रस्त्यावर रोड ट्रेन असतात, म्हणजे एका ट्रकमागे जोडलेले तीन-तीन ट्रेलर, लांबी 53.5 मीटरपर्यंत. ओव्हरटेक करण्याआधी हे गणित मनात ठेवा. तो ताशी 100 ने चालला आहे, तुम्ही 110 ने. त्याच्या मागची-पुढची मोकळी जागा धरून त्याच्यापेक्षा सुमारे 120 मीटर जास्त जायचं, याला साधारण 43 सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही 1.3 किलोमीटर गेलेले असता आणि समोरून येणारी गाडीही तेवढीच जवळ आलेली असते. म्हणजे अडीच किलोमीटरहून जास्त मोकळा रस्ता दिसल्याशिवाय बाहेर निघायचं नाही. संध्याकाळी कांगारू आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात. दुपारी चारच्या आत मुक्कामाला पोहोचा. भाड्याच्या गाडीचा करारही वाचून घ्या, काहींमध्ये अंधारात किंवा कच्च्या रस्त्यावर झालेल्या नुकसानीला विमा लागू होत नाही.

आता गाव. 1915 साली सोनं शोधायला निघालेल्या टोळीत विली हचिसन नावाचा 14 वर्षांचा मुलगा होता. पाणी शोधताना त्याला ओपल, म्हणजे आत रंग खेळणारं मौल्यवान रत्न, सापडलं आणि इथे वस्ती झाली. नावाचं मूळ 'कुपा पिटी', गोऱ्या माणसाचं बीळ, असं सांगतात. उन्हाळ्यात बाहेर पारा 40 च्या वर जातो, तेव्हा टेकडीच्या पोटात कोरलेल्या घरात, ज्याला इथे डगआउट म्हणतात, 23 ते 25 अंश असतात. हिवाळ्यातल्या गार रात्रीही साधारण तेवढेच. मुक्काम अशाच घरात करा. तळघरात उतरल्यासारखं वाटेल ही भीती नको, बहुतेक ठिकाणी दार टेकडीच्या कुशीत रस्त्याच्या पातळीवरच असतं. भिंतीकडे जवळून बघा: तांबूस-पिवळा दगड आणि त्यावर खोदयंत्राच्या दातांचे गोलाकार ओरखडे. धूळ झडू नये म्हणून त्यावर पारदर्शक गोंदाचा हात दिलेला असतो. दिवा मालवला की डोळ्यांसमोरचा हातही दिसत नाही, म्हणून उशाला टॉर्च ठेवा, मुलं बरोबर असतील तर नक्कीच. पाणी जपून वापरा. ते गावाबाहेरच्या विंधन विहिरीचं खारं पाणी आहे, आरओ करून मग नळाला येतं.

मधल्या दिवसाची सकाळ खाणीसाठी ठेवा. 'ओल्ड टायमर्स माइन'मध्ये हाताने खोदलेले बोगदे आहेत, तिथे आधी जा, म्हणजे खडकात ओपलची रेघ कशी दिसते ते डोळ्यांत बसतं. जमिनीखालचं सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चही बघाच, छताची कमान एकसंध खडकात कोरलेली आहे. वेरूळ पाहिलेल्या माणसाला तिथे वेगळाच आनंद होतो.

मग नूडलिंग. खाणीतून उपसलेल्या मातीच्या पांढऱ्या ढिगांत नजरेतून सुटलेलं ओपल शोधायचं, त्याला हे नाव आहे. ज्वेलर्स शॉप रोडवर सर्वांसाठी मोकळी ठेवलेली जागा आहे, तिथेच करा. खुंट्या ठोकलेल्या जागेत पाऊल टाकू नका, तिथे खोदण्याचा हक्क कुणीतरी घेतलेला असतो. खुरपं, हातमोजे, बारीक चाळण आणि पाण्याची फवाऱ्याची बाटली एवढं सामान पुरतं. सूर्य पाठीशी घ्या, खडा ओला करा आणि बोटांत हळूहळू फिरवा. कोरड्या खड्यावर धुळीचा थर असतो, रंग दिसत नाही, म्हणून पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ सगळ्यात चांगली. दुधी किंवा करडा, काचेसारखा पण रंग न खेळणारा तुकडा म्हणजे पॉच. तेही ओपलच, पण किमतीचं नाही. सगळ्यात जास्त फसवतं ते जिप्सम. उन्हात लखलखतं आणि मुलं धावत येतात. नखाने ओरखडा काढून बघा: जिप्समवर उमटतो, ओपलवर नाही.

पण नेमून दिलेल्या जागेबाहेर ढिगांमध्ये हिंडायचं नाही, आणि हे मी हात जोडून सांगते. चाचणीसाठी ड्रिलने पाडलेले उभे खड्डे जेमतेम मीटरभर रुंद असतात आणि खोली कित्येकदा 20 मीटरच्या वर. त्यांना कठडा नसतो, कडेची माती भुसभुशीत असते. पळू नका, मागे-मागे चालू नका अशा पाट्या गावाबाहेर लावल्या आहेत. फोटो काढताना माणूस नेमका मागे सरकतो, म्हणून त्या पाट्या.

दुपारी ओपलच्या दुकानात जाल. आपल्याकडे शुक्राचा खडा म्हणून अनेकजण मागवतात, त्यामुळे हे नीट समजून घ्या. सॉलिड म्हणजे अख्खा ओपल. डब्लेट म्हणजे ओपलची पातळ चकती काळ्या पाठीवर चिकटवलेली, ट्रिप्लेट म्हणजे वरून आणखी पारदर्शक टोपी. खडा आडवा धरून कडेने बघा: दोन थरांमध्ये सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली तर तो चिकटवलेला आहे. इथला ओपल बहुतांशी फिक्या अंगाचा असतो, तेव्हा स्वस्तात काळाभोर, भडक रंगाचा खडा दिसला तर आधी कड तपासा. सगळ्या बाजूंनी सोन्यात बंद केलेल्या खड्याची कड दिसत नाही, तिथे बिलावर 'सॉलिड' असं लिहून घ्या. डब्लेट आणि ट्रिप्लेट फसवणूक नव्हेत, फक्त किंमत त्यांच्या लायकीची हवी. ते पाण्यात बुडवू नका, गोंदात पाणी शिरलं की खडा धुरकट होतो. सॉलिडला पाण्याचं भय नाही, पण तो क्वार्ट्झपेक्षा मऊ असतो आणि रोजच्या धुळीतल्या कणांनी चरे पडतात. अंगठीपेक्षा लोलक किंवा कुड्या बऱ्या. भारतात परतणार असाल तर एका दुकानातली 300 डॉलर किंवा त्याहून जास्त खरेदी, निघण्याआधीच्या 60 दिवसांतली, विमानतळावर ऑस्ट्रेलियाचा जीएसटी परत मिळवून देते. बिल आणि वस्तू हाताशी ठेवा.

सूर्यास्ताच्या दोन तास आधी कांकू-ब्रेकअवेज गाठा, गावापासून सुमारे 33 किलोमीटर. ही अंताकिरिंजा मातु-यांकुनितजातजारा या मूळनिवासी लोकांची भूमी आहे, प्रवेशपास आधी काढा. एका बाजूला पांढऱ्या, एका बाजूला गेरूच्या रंगाच्या टेकड्या, तिरप्या उन्हात रंग क्षणाक्षणाला बदलतो. शेवटचा रस्ता कच्चा आहे आणि पाऊस झाला की चिखलाचा होतो. बंद केलेल्या रस्त्यावर गाडी घातली तर दंड जबर आहे. अंधार पडायच्या आत परत फिरा.

तिसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावरच निघा. मार्ला सुमारे 235 किलोमीटरवर, तिथे टाकी भरा. उलुरूजवळचं युलारा एकूण 735 किलोमीटरच्या आसपास. ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत नॉर्दर्न टेरिटरीची सीमा ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं. तो तास हातात आला असं समजून वाटेत रेंगाळू नका, घड्याळाप्रमाणे सूर्यही तिथे तासभर आधी मावळतो.