आधी हात कोणी उचलायचा?

मे महिन्यातलं आयकिदोचं ग्रेडिंग, म्हणजे दर्जाची परीक्षा, नागपुरात सकाळी सातलाच सुरू करावं लागतं. कूलर मॅटकडे तोंड करून ठेवायचा नाही. त्याची दमट हवा ईव्हीए मॅटवर बसली की सुवारी वाझात, म्हणजे गुडघ्यांवर बसून करायच्या तंत्रांत, गुडघा सटकतो आणि परीक्षक निवांतपणे ‘तोल नाही’ असा शेरा मारतो. सभागृहवाल्यांना हे दरवेळी नव्याने सांगावं लागतं.

त्या रविवारी दुसऱ्या क्यूची परीक्षा होती (क्यू म्हणजे काळ्या पट्ट्याखालचा दर्जा, आकडा लहान तितका वरचा), परीक्षक आम्ही तिघे. उमेदवार सगळे आयकिकाई, म्हणजे तोक्योत मुख्यालय असलेल्या मूळ संस्थेच्या पद्धतीचे, फक्त एक मुलगी वेगळी. नोकरीसाठी नागपुरात आलेली, त्याआधी योशिनकान या दुसऱ्या शैलीत तिसऱ्या क्यूपर्यंत शिकलेली. तिची उभं राहण्याची पद्धतच निराळी: पुढचा गुडघा वाकलेला, वजन पुढे, मागचा पाय ताठ, दोन्ही हात मध्यरेषेवर, बोटं फाकलेली. आमची मुलं हानमीमध्ये, म्हणजे अंग तिरकं ठेवून उभं राहताना, त्यामानाने सैल उभी राहतात.

शोमेनउची इक्क्यो पुकारलं: डोक्यावर समोरून प्रहार, आणि कोपर ताब्यात घेऊन जोडीदाराला खाली दाबणं. तिने हात उचलला, त्याच क्षणी आमच्या उकेनेही, म्हणजे ज्याच्यावर तंत्र करायचं त्या जोडीदारानेही, उचलला. मनगटं मध्येच आदळली आणि दोघंही थिजले.

‘सर, ती आधी मारून राहिली ना, मी काय करू?’ उके म्हणाला. त्याचं बरोबर होतं. तिचंही बरोबर होतं.

आयकिकाईच्या बहुतेक डोजोंमध्ये हल्ला उके करतो. तोरी, म्हणजे तंत्र करणारा, तो हात चढतानाच कोपराखाली शिरकाव करतो. योशिनकानमध्ये याच तंत्राला इक्काजो म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात शिते (तोरीलाच तिथे शिते म्हणतात) स्वतःच आधी प्रहार करतो. उकेला तो अडवायला हात वर न्यावा लागतो आणि तोच हात, तेच कोपर शितेच्या ताब्यात जातं. दुसऱ्यात उके मारतो आणि शिते वळून घेतो. म्हणजे ती पहिला प्रकार करत होती आणि उके दुसऱ्याच्या तयारीत होता. हे फक्त योशिनकानचंच आहे असंही नाही. जपानमधल्या इवामात मोरिहिरो साइतो हे नामवंत शिक्षक शोमेनउची इक्क्यो शिकवताना तोरीलाच आधी हात उचलायला लावत, आणि ते तर आयकिकाईच्या छत्राखालीच होते. ‘आयकिकाईत असं नसतंच’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

उकेला बाजूला घेऊन सांगितलं: तिचा हात डोक्यावर येईल तेव्हा फक्त अडव, मारू नकोस. पुढचे चारही इक्काजो स्वच्छ झाले. कोपर कानाच्या रेषेत ढकललं, मनगट ओढलं नाही. खाली आणल्यावर आतला गुडघा काखेशी, बाहेरचा मनगटाशी, हात खांद्याच्या रेषेच्या किंचित वर. खरं सांगायचं तर हात ओढणं हाच आमच्या मुलांचा कायमचा रोग आहे. कोपराकडे दुर्लक्ष करून मनगट खेचलं की उके सरळ उभा राहतो आणि मग सगळा खांद्याच्या ताकदीचा खेळ होतो. तिच्यात तो दोष औषधालाही नव्हता.

मग गुणपत्रकं गोळा केली. मी उत्तीर्ण लिहिलं होतं. दुसऱ्या परीक्षकाने ‘आपली पद्धत नाही’ असा शेरा मारून नापास केलं होतं. तिसऱ्याने रकाना कोराच ठेवला आणि चहा मागवला. आपल्याकडच्या समित्यांमध्ये असा एक माणूस असतोच.

मला खटकतं ते यातलं तंत्र नाही. ही फाटाफूट जुनी आहे आणि तिला कारणं आहेत. शिओदा गोझो हे आयकिदोचे संस्थापक उएशिबा मोरिहेई यांच्याकडे युद्धाआधी शिकले, तेव्हाचं कठीण, टोकदार रूप त्यांनी धरून ठेवलं आणि 1955 मध्ये योशिनकान उभं केलं. तोमिकी केन्जी यांनी रबरी सुऱ्याची स्पर्धा आणली. स्पर्धा नकोच म्हणणाऱ्या आयकिकाईच्या मुख्यालयाशी त्यांचं जमलं नाही. तोहेई कोइची मुख्यालयाचे प्रमुख शिक्षक असूनही 1974 मध्ये बाहेर पडले आणि त्यांच्या हाताखालच्या देशोदेशीच्या शिक्षकांना बाजू निवडावी लागली. तिथे निदान शिकवायचं काय, यावर वाद होता.

इथे वाद शिक्क्याचा होता. आयकिकाईत दान, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या, दर्जाची नोंद तोक्योला होते, प्रमाणपत्र तिथून येतं. क्यू मात्र सहसा स्थानिक पातळीवरच दिला जातो. त्या कागदाची तोक्योला गरजही नसते. म्हणजे ज्या दर्जासाठी वरून कोणी विचारणार नाही, त्यासाठी आम्ही दोघं सभागृहाच्या व्हरांड्यात आवाज चढवून बोलत होतो. ‘आज हिला दिलं तर उद्या कराटेवालेही येतील,’ असं मला ऐकवलं गेलं. खरी भीती वेगळी होती. गावात दोन गट आहेत, ग्रेडिंगची फी दोघांनाही हवी असते आणि बाहेरून आलेली चांगली विद्यार्थिनी कुणाच्या यादीत दिसणार, हा प्रश्न असतो. पालकही त्यात तेल ओततात. एका मुलाचे वडील परीक्षा चालू असतानाच विचारत होते, ‘सर, सर्टिफिकेटवर शिक्का कोणाचा येते?’ मुलाचा उकेमी, म्हणजे इजा न होता पडणं, कसा आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

शेवटी तिला तिसरा क्यू कायम ठेवून तीन महिन्यांनी पुन्हा बसायला सांगण्यात आलं. ती फक्त ‘ओस’ (हो, समजलं) म्हणाली, वाकून नमस्कार केला आणि मॅट उचलायला लागली. मी माझा विरोध पत्रकावर लिहून सही केली आहे.

पुढच्या परीक्षेच्या अर्जात मी दोन ओळी घातल्या: उमेदवाराची मूळ शैली कोणती, आणि शोमेनउचीत पहिला प्रहार कोणाचा. शिवाय उमेदवार आणि उके यांना आधी वीस मिनिटं एकत्र सराव. तिसऱ्या परीक्षकाने लगेच मान्य केलं. दुसऱ्याने अर्ज घरी नेला आहे, अजून परत दिलेला नाही.