पेन खाली ठेव

(माजी विद्यार्थी, दहावी १९८४ ची तुकडी, निवृत्त अग्निशमन केंद्र अधिकारी)

सुवर्णमहोत्सवाची पत्रिका हातात पडली तेव्हा आधी वरचं नियोजित कमानीचं चित्र पाहिलं, मग खालची ओळ वाचली : ‘आपले मनोगत पाठवावे.’ घंटेचा रुळाचा तुकडा, हौदाकाठचं लिंबाचं झाड, शनिवारची सकाळची शाळा, यावर बाकीचे लिहितीलच. मला सरांबद्दल लिहायचं आहे. नाव घालत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे येतो, काखेत लाकडी फूटपट्टी धरलेला.

सर गणित आणि विज्ञान दोन्ही घ्यायचे. फळ्यावर उदाहरण उतरवून होत नाही तोच कुणी वहीवर तुटून पडला, की मागून आवाज यायचा, “काय लिहायलास लेकरा? पेन खाली ठेव. दोनदा वाच.” हौद आणि तोट्यांची गणितं त्यांच्या फार आवडीची. एक तोटी हौद चार तासांत भरते, दुसरी सहा तासांत रिकामा करते, वगैरे. एकदा आमच्यातल्या हुशार मुलानं उत्तर तोंडी सांगितलं आणि ते बरोबरही होतं. सरांनी सगळा वर्ग उठवला, हौदाजवळ नेला, तोटीखाली बादली ठेवून घड्याळ लावलं. पंधरा लिटरची बादली भरायला हिशेबापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला, कारण तोटीचं वायसर गेलेलं होतं आणि अर्धं पाणी बाजूनं भिंतीवरून उतरत होतं. सर एवढंच म्हणाले, “पुस्तकातली तोटी गळत नसते. आता ही तोटी धरून गणित करा.” तो तास घंटा झाली तरी संपला नव्हता.

आग विझवणाऱ्याचं निम्मं काम हेच गणित आहे. सर्वसाधारण बंबाच्या टाकीत ४५०० लिटर पाणी असतं. नोझलमधून मिनिटाला किती लिटर पाणी जातं, याचा आमच्याकडचा जुना हिशेब सोपा : नोझलच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, दाब बारमध्ये घेऊन त्याच्या वर्गमुळानं गुणा आणि दोन-तृतीयांश करा. २० मिलिमीटरचं नोझल, ४ बार दाब : ४०० गुणिले २ म्हणजे ८००, त्याचे दोन-तृतीयांश ५३३ लिटर. म्हणजे एक नोझल चालवलं तर टाकी साडेआठ मिनिटांत कोरडी, दोन चालवली तर सव्वाचार मिनिटांत. आणि होजला, म्हणजे पाण्याच्या नळीला, चीर असेल, जोडणीचं वायसर निघालेलं असेल, तर सरांची गळकी तोटी. दुसरा बंब किती मिनिटांवर आहे, हे ठाऊक नसताना दोन्ही नोझल उघडणारा अधिकारी पाचव्या मिनिटाला हातात रिकामा होज घेऊन पेटत्या खोलीत उभा असतो.

‘विहिरीतून पाणी घ्या की,’ असं गर्दीतून हमखास सुचवलं जातं. पंप पाणी ओढत नाही, हवेचा दाब ते वर ढकलतो, हेही सरांनीच सांगितलेलं. समुद्रसपाटीला अगदी आदर्श स्थितीत ही उंची १०.३ मीटर भरते. प्रत्यक्षात बंबाचा पंप सातेक मीटरवर दम सोडतो. मराठवाड्यातल्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये कुठं असतं, हे मी सांगायची गरज नाही. ज्या मुलखात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं, तिथं आगीसाठी पाणी कुठून आणायचं याचं उत्तर आग लागायच्या आधी तयार असावं लागतं : कोणत्या गिरणीत टाकी आहे, कोणत्या बारवेपर्यंत गाडी जाते, कुणाचे टँकर रात्री मिळतात.

पण पाण्याच्या आधी वाचन. बंब पोचला की अधिकारी पहिलं काम काय करतो, तर इमारतीभोवती चक्कर मारतो. लोकांचा सगळ्यात जास्त राग याच गोष्टीवर असतो. घर जळतंय आणि साहेब फिरायला निघाले! त्या दीड-दोन मिनिटांत त्याला चारही बाजू पाहायच्या असतात. पुढून शांत दिसणाऱ्या दुकानाच्या मागच्या खिडकीत बाई उभी असू शकते, मागच्या बोळात गॅसच्या टाक्या रचलेल्या असू शकतात, उतारावरच्या इमारतीला मागून एक मजला जास्त असतो. जुन्या वस्तीत घराला घर चिकटलेलं असेल आणि मागं जाताच येत नसेल, तर शेजारच्या गच्चीवर चढायचं, पण पाहायचंच. याच फेरीत विचारायचं : आत कुणी आहे का, शेवटचं कुठं पाहिलं, मीटर कुठं आहे. महावितरणला पुरवठा तोडायला सांगितलं तरी इन्व्हर्टरची बॅटरी आणि गच्चीवरची सौरपॅनेलं जिवंतच असतात.

आणि धूर. इथं मला सरांची मेणबत्ती आठवते. आठवीचा वर्ग, खिडक्यांना पोती लावून अंधार केलेला. सरांनी मेणबत्ती फुंकली, वातीवरून पांढरी रेघ वर निघाली आणि त्यांनी पेटती काडी वातीला न लावता त्या रेघेला, दोन बोटं वर धरली. ज्योत रेघेवरून खाली उडी मारून वातीवर बसली. “मेण जळत नाही, मेणाची वाफ जळते. लाकडाचंही तसंच,” सर म्हणाले. एवढं समजलं त्याला अर्धं अग्निशमन समजलं. खोलीतला काळा धूर हा आगीचा कचरा नाही, ते अजून न जळलेलं इंधन आहे. आपण दार उघडून त्यात हवा सोडतो.

धुराच्या चार गोष्टी वाचायच्या : किती आहे, किती वेगानं येतो, किती दाट आहे, रंग कसा आहे. रंगावर लोक जास्त भर देतात. माझ्या मते वेग जास्त बोलतो. धूर चुलीच्या धुरासारखा संथ, सरळ वर जात असेल तर खोली अजून उष्णता पिते आहे. तोच भातावरच्या फेसासारखा उकळ्या फुटत बाहेर येऊ लागला, की भिंती-छत भरून पावले. आता छताखालचा थर ५०० ते ६०० अंशांवर जाऊन सगळी खोली एकदम पेट घेईल. त्याला आम्ही फ्लॅशओव्हर म्हणतो. त्यातून पूर्ण गणवेशातला जवानही काही सेकंदांपेक्षा जास्त टिकत नाही. वेग मोजताना फटींची तुलना करायची. रुंद दारातून आणि बारीक फटीतून सारख्याच जोरानं धूर येत असेल तर गोष्ट वेगळी; पण सगळ्यात बारीक फटीतून सगळ्यात वेगानं येतोय, तिथून आग जवळ आहे. तपकिरी धूर दिसला तर लाकूड तापतंय, आणि तो जुन्या घराच्या छताकडून येत असेल तर सामान नव्हे, घरच जळायला लागलंय असं धरावं. दाट काळा म्हणजे फोम, प्लास्टिक, रबर, तेल. हल्लीच्या फोमच्या सोफ्यांनी आमचा वेळ खाल्ला. जुन्या पद्धतीच्या सामानाची खोली चाचण्यांमध्ये सगळी पेटायला अर्ध्या तासाच्या आसपास घेते, फोमची खोली चार-पाच मिनिटांत. म्हणजे फोन करून बंब दारात येईपर्यंत.

ज्वाळा कुठंच नाहीत, काचा आतून काळ्या-तेलकट, आणि दाराखालच्या फटीतून धूर श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होतोय, अशी बंद खोली सगळ्यात फसवी. आत उष्णता आहे, इंधन आहे, फक्त हवा संपलीय. अशा खोलीचं दार उघडणं म्हणजे सरांची काडी त्या रेघेला लावणं. स्फोट दारातून बाहेर येतो. शक्य असेल तर तिला आधी उंचावरून वाट करून द्यायची, तीही खाली होजमध्ये पाणी येऊन थांबलेलं असताना. पाणी हातात नसताना कौलं काढणारे आणि काचा फोडणारे उत्साही लोक (त्यात कधीकधी आमचेही असतात) आगीला भाता लावून देतात.

मग निर्णय : आत जायचं की बाहेरून लढायचं. क्रम ठरलेला आहे : माणसं, शेजारची इमारत, आग आहे तिथंच कोंडणं, विझवणं, मग ढिगारे उकरून निखारे शोधणं. आतली माणसं वाचण्याजोगी असतील तर जवानांचा जीव मोठ्या जोखमीत घालणं योग्य. गोदामात फक्त माल आहे आणि छत लालबुंद झालंय, तर मालासाठी कुणाला आत पाठवायचं नाही, मालक पाया पडला तरी. तिसरा मार्ग मधला : खिडकीतून ज्वाळा बाहेर येत असतील तर बाहेरूनच सरळ धार छताला लागेल अशी पंधरा-वीस सेकंद मारायची आणि लगेच दारातून आत जायचं. धार सरळच हवी. फवारा पसरून खिडकी झाकली तर धुराची बाहेर यायची वाट बंद होते आणि वाफ आतल्या माणसांवर जाते. एक लिटर पाण्याची सुमारे १७०० लिटर वाफ होते. पाणी उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सातपट त्याची वाफ व्हायला लागते. म्हणून पाणी जिथं वाफ होईल तिथं मारायचं. जमिनीवरून वाहणारं पाणी म्हणजे वाया गेलेली टाकी.

आत जाणाऱ्याच्या पाठीवर तसाच दुसरा हौद असतो. ६ लिटरचा सिलिंडर, ३०० बार दाब, म्हणजे १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटरनं ४५ मिनिटं, असं कागदावर. हवा संपत आल्याची शिट्टी ५५ बारला वाजते, तोपर्यंत बाहेर असायला हवं. आणि जिना चढताना, होज ओढताना माणूस ६० लिटर घेतो. हिशेब चोवीस-पंचवीस मिनिटांवर येतो, आणि त्यातच परतीची वाट धरायची असते.

एकच पथ्य कधी मोडायचं नाही : आत माणसं असताना बाहेरून मोठी धार नाही. गाडीवरच्या मॉनिटरनं, म्हणजे वर बसवलेल्या मोठ्या नोझलनं, मिनिटाला २००० लिटर सोडले तर दर मिनिटाला दोन टन वजन आपण त्या इमारतीत ओततो. माळवदाच्या, म्हणजे तुळयांवर मातीचं सपाट छत असलेल्या, घरात हे जास्त कळतं. किल्लारीच्या भूकंपानं ३० सप्टेंबर १९९३ ला दगडमातीच्या भिंती आणि वरची पांढरी माती यांचं वजन काय असतं ते दाखवलंच आहे. आगीत ती माती पाणी पिऊन आणखी जड होते. खालच्या सागवानी तुळया मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर जळतात, म्हणजे जाड तुळई तासभर सहज तग धरते, पण भिंतीत गेलेलं तिचं टोक आधी जातं. खणातून माती भुरभुरायला लागली की आतल्या सगळ्यांना बाहेर बोलवायचं.

जिनिंगच्या पत्र्याच्या शेडचा स्वभाव उलटा. लोखंडी कैची, म्हणजे छप्पर पेलणारा सांगाडा, जळत नाही, पण ५५० अंशांच्या आसपास तिची ताकद निम्मी होते आणि ती काही न सांगता बसते. ३० मीटरची तुळई ५०० अंशांनी तापली तर सुमारे १८ सेंटीमीटर लांबते आणि भिंत बाहेर ढकलते; म्हणून भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतर मोकळं ठेवायचं. आत कापसाच्या १७० किलोच्या गाठी. गाठ वरून विझते आणि पोटात धुमसत राहते. पाणी दाबलेल्या रुईत शिरत नाही. जिथं शिरतं तिथं गाठ फुगते आणि तीही भिंतीला रेटते. गाठी बाहेर ओढून, पट्ट्या तोडून, उलगडून भिजवल्याशिवाय आग विझली असं म्हणू नये. ‘आग आटोक्यात’ अशी बातमी संध्याकाळी येते आणि पहाटे पुन्हा बंब बोलवावा लागतो, त्याचं कारण हे. मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ ला ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर कापसाच्या गाठी आणि दारूगोळा शेजारी होते. पाणी भरपूर ओतलं, पण आग जहाजाच्या पोटात नेमकी कुठं आहे ते सापडलं नाही. त्या स्फोटांत ६६ अग्निशमन जवान गेले. आपल्याकडे १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी.

सर आता नाहीत. मागच्या दिवाळीत शाळेत डोकावलो, प्रयोगशाळेच्या खोलीत संगणक आलेत; चांगलं आहे, पण खिडक्या कायमच्या बंद केल्यात आणि मेणबत्तीचा प्रयोग पडद्यावर दाखवतात. हौद बुजवून तिथं दुचाक्या लावतात. शाळेला आगीसाठी पाणी म्हणून त्या हौदाएवढी सोय दुसरी नव्हती. नव्या इमारतीच्या मागच्या जिन्याला साखळी आणि कुलूप होतं, किल्ली शिपाईमामांकडे आणि शिपाईमामा जेवायला गेलेले. समारंभाच्या दिवशी तेवढं कुलूप काढून ठेवावं.

आणि ती कमान. आमच्या तुकडीची देणगी तिलाच गेली आहे, म्हणून हक्कानं लिहितो : पत्रिकेवर चित्र छान आहे, पण त्यात उंची-रुंदी कुठंच लिहिलेली नाही. खाली मंडपाच्या कापडी झालरी लागणार, बाजूला स्टॉल बसणार. शिडी वर लादलेला बंब तिच्याखालून आत येतो की नाही, ते पाया खोदायच्या आधी मोजून घेऊ. मुख्याध्यापकांनी दिवस कळवावा. टेप मी घेऊन येतो.