घेणार आणि घेणारच

माझ्या लॅपटॉपवरचं ‘च’चं बटण दोन वर्षांपूर्वी मेलं. मी इन्स्क्रिप्ट पद्धतीनं टाइप करते. त्यात ‘त’ आणि ‘ट’ यांच्या मध्ये ‘च’ बसतो आणि शिफ्ट दाबलं की त्याच बटणावर ‘छ’. त्यामुळे गेले ते दोघं जोडीनं गेले. इंग्रजीत तिथे अर्धविराम असतो. इंग्रजी टाइप करणाऱ्याला तो गेल्याचं महिनोन्‌महिने कळलंही नसतं. मराठीत मात्र ‘च’ गेला की चा-ची-चे जातं, चहा जातो, चूक जाते, कुणाला ‘छान’ म्हणायची सोयही जाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ठामपणा जातो. ‘मीच’चं ‘मी’ होतं. ‘आजच’चं ‘आज’ होतं. ‘नवा लॅपटॉप घेणारच’चं ‘नवा लॅपटॉप घेणार’ होतं, आणि हे वाक्य आमच्या घरात गेली अडीच वर्षं चालू आहे.

यावर मी तोडगा काढलाय. सकाळी काम सुरू करताना कुठून तरी एक ‘च’ कॉपी करायचा आणि दिवसभर लागेल तिथे कंट्रोल-व्ही करून चिकटवायचा. हाताला सवय झाली आहे. घोळ एवढाच, की मध्ये दुसरं काही कॉपी केलं तर ‘च’ऐवजी तेच उमटत राहतं. एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचं काम करताना मी ताळेबंदातला ‘थकबाकी’ हा शब्द कॉपी केला होता. कच्च्या प्रतीत पहिल्याच पानावर मथळा आला : ‘अध्यक्षांथकबाकी मनोगत’. अध्यक्ष भला माणूस. म्हणाले, “ताई, खरं असलं तरी असं छापू नका.”

लॅपटॉप २०१६ सालचा आहे. इंटेलच्या चिपची सहावी पिढी, चार जीबी रॅम. सुरू व्हायला सात मिनिटं घेतो. तेवढ्यात माझा चहा होतो, म्हणून मी त्याला फार बोलत नाही. बिजागरी सैल आहे, पडदा मागे पडू नये म्हणून पाठीशी शब्दकोशाचा एक खंड उभा केलाय. बॅटरी नावापुरती. एकदा लाइट गेले तर आठ पानांची पत्रिका गेली. २०२३च्या गणपतीत मी घरी जाहीर केलं, की बास, आता नवा.

आणि भाच्याला फोन केला. तीच चूक झाली.

भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. या विषयातलं त्याला सगळं कळतं, आणि सगळं कळणाऱ्या माणसाला विचारून आजवर कुणाची खरेदी झालेली नाही. तो म्हणाला, “आत्या, आत्ता नको घेऊस. डिसेंबरात इंटेलची नवी चिप येतेय, नावसुद्धा बदलतायत.” डिसेंबर आला, चिप आली. तर म्हणे पहिली खेप कशाला, जूनपर्यंत थांब. जून २०२४मध्ये इंटेलऐवजी स्नॅपड्रॅगन नावाची चिप असलेले लॅपटॉप आले. त्यात एनपीयू नावाचा भाग असतो, तो एआयची कामं वेगळी करतो, आणि सोळा जीबीच्या खाली रॅमच नाही. मी म्हटलं, मग हा घेऊ? तर म्हणे तुझी जुनी सॉफ्टवेअरं त्यावर नीट चालतील का बघावं लागेल, सप्टेंबरात इंटेल परत काहीतरी आणतंय. मला पत्रिका, स्मरणिका आणि पतसंस्थांचे अहवाल करायचे असतात. पण फोन ठेवताना दर वेळी वाटायचं, की थोडक्यात वाचलो, नाहीतर जुनं घेऊन बसलो असतो. घरात २०१६चा लॅपटॉप आणि बाजारातला कालचा लॅपटॉप ‘जुना’!

या थांबण्याला शास्त्राधारही आहे, तो मला भाच्यानंच सांगितला. गॉर्डन मूर यांनी १९६५मध्ये मांडलं, की एका चिपवर मावणारे घटक दरवर्षी दुप्पट होत जातील; १९७५मध्ये त्यांनीच ते दर दोन वर्षांनी असं सुधारून घेतलं. पुढे लोकांच्या तोंडी अठरा महिने बसलं. हे अठरा महिने धरून १९९९मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी अर्ध्या थट्टेत एक निबंध लिहिला. त्यांचा हिशोब असा : आजच्या यंत्रावर ज्या आकडेमोडीला सव्वीस महिन्यांहून जास्त लागणार असतील, ती आज सुरूच करू नये. उनाडक्या कराव्यात, नवं वेगवान यंत्र आलं की घ्यावं आणि तरी लवकर सुटावं. मी कागदावर करून पाहिलं. पाच वर्षांचं गणित असेल, तर पावणेदोन वर्षं लोळून नवं यंत्र घेतलं तरी सगळं मिळून चार वर्षांच्या आत उरकतं. हे वाचून मला आळशी माणसांबद्दल एकदम आदर वाटला.

पण मग माझं सगळ्यात मोठं गणित कोणतं, तर दोनशे चाळीस पानी स्मरणिकेची पीडीएफ. अकरा मिनिटं. सव्वीस महिने आणि अकरा मिनिटं यांच्यात बरीच जागा आहे. उलट रोजची सात मिनिटं धरली, वर्षाचे कामाचे तीनशे दिवस धरले, तर वर्षाला पस्तीस तास होतात. दोन वर्षांचे सत्तर. नवी चिप आधीच्या चिपपेक्षा पंधरा टक्के वेगवान असते, त्या पंधरा टक्क्यांसाठी मी सत्तर तास चहाजवळ उभी राहिले. (चहाही त्यामुळे वाढला, ते वेगळंच.)

नवऱ्याला यातलं काही मान्य नाही. तो बँकेतला. त्याचं म्हणणं साधं होतं : नवा घ्यायचा तेव्हा घे, तोवर बटण बदलून घे, नाहीतर पाचशे रुपयांचा बाहेरचा कीबोर्ड लाव. मी म्हटलं, “आता नवाच घ्यायचाय ना, मग याच्यावर कशाला खर्च?” बॅटरीच्या वेळी हेच म्हटलं होतं. बिजागरीच्या वेळीही. दीड-दोन हजारांत आठ जीबी रॅम मिळत होती, तेव्हाही हेच.

या वाक्यानं एक अख्खी कंपनी बुडाल्याची गोष्ट सांगतात. अ‍ॅडम ऑस्बर्न नावाच्या गृहस्थांनी १९८१मध्ये उचलून नेता येईल असा कॉम्प्युटर विकायला काढला. उचलून म्हणजे अकरा किलो, शिलाई मशीनच्या पेटीसारखा, पडदा पाच इंची, किंमत १७९५ डॉलर. हातोहात खपला. १९८३मध्ये त्यांनी पुढच्या, जास्त चांगल्या यंत्राबद्दल आधीच सांगून टाकलं. झालं! दुकानदारांनी म्हटलं, मग हा कशाला घ्यायचा, नवा आला की बघू. मागण्या थांबल्या, आणि त्याच सप्टेंबरात कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. खरं तर तेवढ्याच पैशात नऊ इंची पडदा देणारा स्पर्धकही तोवर बाजारात होता, आयबीएमचं वजनही वाढलं होतं. पण बदनाम झालं ते ‘नवा येतोय’. या ऑस्बर्नचे वडील रमण महर्षींचे भक्त. मुलाचं बालपण तमिळनाडूत गेलं, आणि सगळी उलाढाल करून शेवटी २००३मध्ये ते वारलेही कोडाईकनालला. तिकडे ढगात बसून ते माझी बिजागरी पाहत असतील तर त्यांना ओळखीचं काहीतरी दिसत असेल. अमेरिकेत जे दुकानदारांनी त्यांच्या यंत्राचं केलं, ते मी घरच्या घरी माझ्या लॅपटॉपचं केलं.

बाबांनी वाट पाहिली ती सात वर्षं. १९७८मध्ये त्यांनी चेतक स्कूटर बुक केली आणि १९८५मध्ये नंबर लागला. कारखाना आकुर्डीला, म्हणजे आमच्या पेठेतल्या घरापासून वीस किलोमीटरच्या आत, चालत गेलं तरी संध्याकाळपर्यंत पोचलं असतं माणूस. पण वर्षाला किती स्कूटर काढायच्या त्याचा परवाना सरकार देई, आणि घेणारे त्याच्या कितीतरी पट. ज्यांना घाई होती ते ब्लॅकनं घेत. बाबांना घाईही नव्हती आणि पैसेही नव्हते. कुठली घेऊ, हा प्रश्न नव्हता. पुढच्या वर्षी वेगळी निघेल का, हाही नव्हता. पुढच्या वर्षी तीच निघणार होती, त्याच्या पुढच्या वर्षीही तीच.

मला त्या सात वर्षांतली स्कूटर आठवत नाही, अर्थातच. आठवते ती सायकल. दर रविवारी अंगणात उलटी. चेन रॉकेलमध्ये बुडवलेली, शेजारी तेलाची चोच असलेली बुधली, बाबांच्या हातात माझ्या जुन्या परकराचं फडकं. चाक जरा डुगडुगलं की आऊट काढून आणत. ब्रेकची रबरं झिजायच्या आत बदलत. आई म्हणायची, “अहो, आता स्कूटर यायचीच आहे ना?” त्यावर बाबा म्हणत, “उद्या ऑफिसला ती येणार आहे का न्यायला?” नंबर लागल्यावर ती सायकल विकली. घेणाऱ्यानं घंटी वाजवली, चाक फिरवून पाहिलं आणि घासाघीस न करता पैसे दिले. पुढे स्कूटर सुरू होत नसे तेव्हा तिला आडवी कलती करून किक मारताना बाबा एक-दोनदा त्या माणसाची आठवण काढत.

हे मला सुचायला गेल्या वर्षीचा ऑक्टोबर यावा लागला. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज दहाचा आधार, म्हणजे मोफत अपडेट, अधिकृतपणे संपला, आणि विंडोज अकरा माझ्या सहाव्या पिढीला घरात घ्यायला तयार नव्हतं. त्याआधी दसऱ्याला मी तपकीर गल्लीत जाऊन एक लॅपटॉप पक्का करून आले होते. ६१,९९०. साडेतीन मुहूर्तांतला एक, दुकानदारानं पेढाही पुढे केला होता. पण भाचा म्हणाला, “जानेवारीत लास वेगासला प्रदर्शन असतं, नवे जाहीर झाले की हेच मॉडेल पाच हजारांनी उतरेल.” हातचं सोडून पळत्यापाठी जायला आमच्याकडे मुहूर्त लागत नाही. मी पेढा खाल्ला आणि घरी आले.

सहसा न होणारी गोष्ट नेमकी तेव्हा झाली. रॅम महागली. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरांना जास्त पैशांची वेगळी मेमरी लागते, म्हणून कारखाने तिकडे वळले. मायक्रॉननं तर डिसेंबरात आपला ‘क्रुशल’ हा घरगुती गिऱ्हाइकांचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. वर्षानुवर्षं एकच नियम पाठ केला होता, की थांबलं तर स्वस्त मिळतं. हापूसचंही तसंच असतं. पण तिथे पाडव्याची पेटी महाग, मेमध्ये भाव उतरणार आणि पहिला पाऊस पडला की संपलं, हे आईला ठाऊक असायचं. ती बरोब्बर पावसाच्या आठ दिवस आधी पेटी आणायची. रॅमचा पाऊस कुणी सांगावा?

जानेवारीत तोच लॅपटॉप ६८,९९०. दुकानदार म्हणाला, “मॅडम, दसऱ्याला म्हटलं होतं मी.” म्हटलं होतं त्यानं. परवा पाडव्याच्या निमित्तानं परत चौकशी केली. त्यानं कोटेशन मेलवर पाठवलं, मी आकडा उचलून माझ्या वहीत टाकला. वही म्हणजे एक्सेल. दसऱ्यापासूनचे सगळे भाव मी त्यात मांडून ठेवले आहेत, आलेखही काढलाय. तेवढ्यात भाच्याचा मेसेज आला, लॅपटॉपवरच व्हॉट्सअ‍ॅप उघडं होतं : ‘आत्या, ठरलं का गं काही? का थांबतेस?’

या खेपेला मी ठाम होते. ‘घेणार’ टाइप केलं, सवयीनं कंट्रोल-व्ही दाबलं आणि पाठवून दिलं.

तिकडे पोचलं : ‘घेणार७४,४९०’.

लगेच त्याचं उत्तर : ‘बापरे. परत वाढली?’