काचेची नळी

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी तेव्हा वैद्यकीय अधिकारी होते. भातकापणी जोरात चालू होती, त्यामुळे ओपीडीत दिवसभर विळ्यानं कापलेली बोटं आणि कंबरदुखी. दिवेलागणीला एका मोटारसायकलवरून तिघं आले. पुढं पुतण्या, मागं नवरा, मधे ती, उजवा हात छातीशी धरून.

"मॅडम, कारभारणीला पान लागलंय."

आमच्या भागात 'साप चावला' असं कुणी तोंडानं म्हणत नाही. पान लागतं. सापालाही साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. नवऱ्यानं ते लांबडं मारून खताच्या पिशवीत घालून आणलं होतं. आमच्या शिपाईमामांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "घोणस हाय." पेंढी उचलताना करंगळीला डसली होती. हात कोपरापर्यंत सुजलेला, मनगटाच्या वर चिंधी करकचून आवळलेली, आणि वाटेत कुणीतरी ब्लेडनं चिरा दिलेल्या. त्या चिरांमधून रक्त झिरपत होतं, थांबत नव्हतं.

इथं मागचं सांगायला हवं. आदल्या वर्षी असाच एक माणूस माझ्याकडे आला होता. मी सलाईन लावलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कागदावर 'पुढील उपचारासाठी रवाना' लिहिलं आणि १०८ बोलावली. सापाच्या विषावरची लस दहा पावलांवर फ्रिजमध्ये होती. दोन तास रस्त्यात गेले. माणूस वाचला, पण मूत्रपिंडं बसली, कितीतरी दिवस डायलिसिसवर होता. मला कुणी जाब विचारला नाही. माझा कागद चोख होता.

लस का दिली नाही? कारण ती घोड्याच्या रक्तापासून बनते आणि काहींना तिची जबरदस्त रिअॅक्शन येते. साप चावून माणूस गेला तर तो सापानं मारला. माझ्या सलाईनखाली गेला तर डॉक्टरीणबाईनं मारला. दवाखान्यांतल्या मारहाणीच्या बातम्या मीही वाचते. हिशोब इतका साधा होता.

त्या सप्टेंबरात सर्पदंशावर एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सापानं मरतात, असा अंदाज पडद्यावर आला आणि पुढं सरकला. असले आकडे आम्ही डॉक्टर लोक चहासोबत गिळतो. शिकवणारे ज्येष्ठ फिजिशियन होते. ते म्हणाले, "रिअॅक्शन येईल का, हे मला विचारू नका. येणारच असं धरा आणि अॅड्रेनलिन आधी सिरिंजमध्ये भरून ठेवा." रिअॅक्शन उतरवणारं इंजेक्शन ते. टेस्ट डोस द्यायचा नाही, त्यातून काही कळत नाही. मुलांनाही डोस तेवढाच, कारण साप पोर बघून विष कमी सोडत नाही. रक्ताच्या तपासणीला नळी काचेचीच हवी, कोरडी, साबण न लागलेली. मी सगळं वहीत उतरवलं, लाल पेनानं अधोरेखित केलं आणि वही ड्रॉवरमध्ये टाकली.

ती वही त्या संध्याकाळी नवऱ्यासमोर, पुतण्यासमोर उघडायची मला लाज वाटली. सिस्टरांची नोकरी सव्वीस वर्षांची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही वाचा, मी करते."

दोन मिली रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं तर ठीक. पाण्यासारखं राहिलं तर विषानं रक्ताची गोठण्याची ताकदच खाल्ली. तुलनेला एका धडधाकट माणसाचं रक्त हवं होतं. मामांनी न विचारता बाही वर केली. खरं सांगायचं तर चिरांचं रक्त थांबत नव्हतं, तिथंच उत्तर मिळालं होतं. ती वीस मिनिटं मी स्वतःसाठी घेतली.

मात्र ती रिकामी गेली नाहीत. लसीच्या एकेका बाटलीत पांढरी पूड असते, तिच्यात दहा मिली पाणी सोडायचं. ताकासारखं घुसळलं की फेस येतो, म्हणून दोन तळव्यांमध्ये धरून गोल गोल फिरवायची. एक बाटली नीट विरघळायला बराच वेळ लागतो आणि अशा दहा होत्या. मी आणि सिस्टर समोरासमोर बसून वाती वळाव्यात तशा बाटल्या फिरवत होतो. १०८ ला फोन झाला होता, गाडी दुसऱ्या केसवर होती. मधेच मी उठले आणि नवऱ्याला बाजूला घेतलं.

"हे औषध लावल्यावर अंगावर पित्त उठेल, थंडी वाजेल, कदाचित दम लागेल. तसं झालं तर मी मांडीत दुसरं इंजेक्शन देणार आहे. ते ट्रेमध्ये भरून ठेवलंय, बघा."

त्यानं सिरिंज पाहिली, मान हलवली.

वीस मिनिटांनी मामांची नळी तिरपी केली. रक्त खरवसासारखं बसलेलं, जागचं हललं नाही. तिची नळी तिरपी केली आणि रक्त काचेच्या कडेनं सरळ वाहत आलं. लस घातलेलं सलाईन सुरू केलं.

बाराव्या मिनिटाला तिनं डाव्या हातानं मान खाजवली. मग कान. मग पोटावर लालभडक गांधी उठल्या, ओठ जाड झाले आणि "मॅडम" म्हणाली तो आवाज घोगरा होता. मी सलाईनची चावी बंद केली. सिस्टरांनी लुगडं वर सरकवलं. अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. माझा हात कापत होता, सुई मात्र बरोबर बसली. मागं पुतण्याचा आवाज चढला, "काय झालं ओ?" तेव्हा नवराच त्याच्यावर खेकसला, "मॅडमनी सांगितलं हुतं न्हवं, उठतंय म्हणून! गप ऱ्हा."

काही मिनिटांत गांधी फिक्या पडू लागल्या. आवाज सुटला. सगळ्यांनी श्वास सोडला, मी सोडला नाही. कारण वहीतली पुढची ओळ होती: रिअॅक्शन ओसरल्यावर तीच लस पुन्हा, सावकाश सुरू करा. आधी नकळत घडलं होतं, आता डोळ्यांदेखत तेच पुन्हा करायचं. मी चावीवर बोट ठेवून उभी राहिले. किती वेळ, ते सिस्टरांना विचारावं लागेल. मग थेंब पडायला लागले. मी प्रत्येक थेंब मोजला, अगदी मूर्खासारखा, शंभरच्या पुढं गेल्यावरही.

पुन्हा काही उठलं नाही. मनगटाची चिंधी तेव्हा कुठं हळूहळू सोडली.

गाडी आली तेव्हा लस संपत आली होती. मी सोबत गेले. रुग्णालयात ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरनं केसपेपरवरून नजर न उचलता विचारलं, "लस?" मी म्हटलं, "दहा बाटल्या. मधे रिअॅक्शन, अॅड्रेनलिन एकदा." त्यानं तेवढंच लिहून घेतलं. मध्यरात्रीनंतर पुन्हा तपासलं तेव्हा रक्त गोठलं. करंगळीची कातडी काळी पडून निघाली, पण लघवी शेवटपर्यंत नीट होत राहिली. मला तेवढंच ऐकायचं होतं.

सकाळी केंद्रात परतले. बाटल्यांची नोंद रजिस्टरला केली, नवीन दहा बाटल्यांचं मागणीपत्र लिहिलं. बेसिनपाशी मामा उभे होते, कालच्या दोन्ही नळ्या उन्हात धरून बघत. चकाचक, आरपार दिसत होत्या.

"मामा, कशानं धुतल्या?"

"साबणानं, मॅडम. दोनदा."

मी मागणीपत्र परत ओढलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: काचेच्या नळ्या, नग १२.