२५ केव्हीएआरचा कॅपॅसिटर, मग टाँग टेस्टरवर ३१ च अँपिअर का?

साकीनाका असो, मरोळ असो की भांडुप, गाळ्यातलं पॅनेल उघडलं की हा प्रश्न हमखास येतो. पॉवर फॅक्टर (एकूण करंटमधला काम करणारा वाटा) सुधारायला लावलेल्या कॅपॅसिटरच्या प्लेटवर २५ केव्हीएआर, म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवरचं माप, लिहिलेलं असतं, लाइन ४१५ व्होल्टची. वायरमन २५,००० ला १.७३२ ने आणि ४१५ ने भागतो, उत्तर येतं ३४.८ अँपिअर. टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर, ३१ दाखवतो. मग ‘कॅपॅसिटर उतरलाय’ असं ठरतं आणि लोहार चाळीतून, मुंबईच्या इलेक्ट्रिकल बाजारातून, नवा येतो. तोही ३१ च दाखवतो.

भागाकार बरोबर आहे, व्होल्टेज चुकलंय.

थ्री फेजमध्ये रिॲक्टिव्ह पॉवर (काम न करता लाइनमध्ये नुसती ये-जा करणारी) म्हणजे १.७३२ × लाइन व्होल्टेज × लाइन करंट × साइन फाय; फाय म्हणजे व्होल्टेज आणि करंटमधला कोन. कॅपॅसिटरचा करंट व्होल्टेजच्या जवळजवळ ९० अंश पुढे असतो, म्हणून तिथे साइन फाय १ धरायचा. राहिला एक भागाकार. पण प्लेटवरचे २५ केव्हीएआर हे प्लेटवरच्याच व्होल्टेजला असतात, आणि आपल्याकडे तिथे बहुतेक वेळा ४४० लिहिलेलं असतं. तेव्हा आधी ४४० ने भागा: ३२.८ अँपिअर. कॅपॅसिटरचा करंट व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ३२.८ × ४१५ ÷ ४४० = ३०.९. टाँग टेस्टर खरंच बोलत होता.

केव्हीएआर मात्र व्होल्टेजच्या वर्गाने उतरतात. ४१५ ला हा २५ चा कॅपॅसिटर २२.२ केव्हीएआरच देतो. ५२५ व्होल्टचा २५ केव्हीएआर घेतला, तर ४१५ च्या लाइनवर १५.६ केव्हीएआर आणि २१.७ अँपिअर. ‘जास्त व्होल्टचा घ्या, टिकेल’ हा सल्ला चुकीचा नाही, फक्त त्यात किती केव्हीएआर हातचे गेले हे कोणी सांगत नाही. रात्री शेजारचे गाळे बंद झाले की व्होल्टेज चढतं. ११ केव्हीच्या वितरण ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजू बिनलोडवर ४३३ व्होल्टची असते, आणि तेवढ्यावर तोच ४४० चा कॅपॅसिटर ३२.३ अँपिअर ओढतो. म्हणून करंट लिहिताना शेजारी त्या वेळचं व्होल्टेज लिहिलं नसेल, तर त्या आकड्यावरून कॅपॅसिटरची तब्येत ठरवू नये.

आता दुसरा घोळ, आणि हा जास्त महागात पडतो. समजा गाळ्याचा लोड ६० किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.८ लॅगिंग (करंट व्होल्टेजच्या मागे), लाइन ४१५. इनकमरवर, म्हणजे गाळ्याच्या मुख्य स्विचवर, १०४.३ अँपिअर. कॅपॅसिटर चालू केला, तो ३०.९ ओढतोय. मालकाची अपेक्षा असते की इनकमरवर ७३ दिसावेत. दिसतात ८९. मग पैसे फुकट गेल्याची कुरकुर सुरू होते.

करंटची वजाबाकी किराण्याच्या वहीसारखी होत नाही. शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा. पाया म्हणजे काम करणारा करंट: ६०,००० ÷ (१.७३२ × ४१५) = ८३.५. उंची म्हणजे रिॲक्टिव्ह करंट: पॉवर फॅक्टर ०.८ ला साइन ०.६, म्हणून १०४.३ × ०.६ = ६२.६. कर्ण १०४.३, आणि टाँग टेस्टर फक्त कर्ण दाखवतो. कॅपॅसिटर उंचीतून ३०.९ काढून घेतो, पायाला हात लावत नाही. उरलेली उंची ३१.७, नवा कर्ण ८९.३, पॉवर फॅक्टर ०.९३५. दुसरा तसाच कॅपॅसिटर लावला, तर उंची जवळजवळ शून्य आणि कर्ण ८३.५. म्हणजे पहिल्याने १५ अँपिअर वाचवले, दुसऱ्याने जेमतेम ६. किंमत दोघांची सारखीच.

०.९ पॉवर फॅक्टर ऐकून ‘दहा टक्केच कमी’ असं वाटतं. पॉवर फॅक्टर हा फायचा कोसाइन, त्यावरून साइन काढा: १ वजा ०.९ चा वर्ग ०.८१, त्याचं वर्गमूळ ०.४३६. म्हणजे एकूण करंटच्या ४३.६ टक्के इतका रिॲक्टिव्ह घटक अजून आहेच. ०.९५ लाही तो ३१ टक्के असतो.

आणि हो, मोटरच्या टर्मिनलवर टाँग लावून ‘करंट कमी झाला नाही’ म्हणू नका. मोटरला लागणारा रिॲक्टिव्ह करंट लागतोच, फक्त तो आता ट्रान्सफॉर्मरऐवजी कॅपॅसिटरकडून येतो. फरक दिसेल तो कॅपॅसिटर जिथे जोडलाय त्याच्या मागच्या, पुरवठ्याकडच्या केबलवर.

केबल आणि स्विचगिअर निवडताना ३२.८ हा आकडा पुरत नाही. कॅपॅसिटरला सतत १.३ पट करंट सोसावा लागू शकतो, आणि त्याची धारिता (कॅपॅसिटन्स) प्लेटपेक्षा १० टक्के जास्त असू शकते. दोन्ही गुणले की १.४३, म्हणजे ४७ अँपिअर. ४० चा एमसीसीबी (सर्किट ब्रेकर) लावला तर उन्हाळ्यात, बंद पॅनेलमध्ये तो कारण नसताना पडतो आणि दोष कॅपॅसिटरवर जातो. ६३ चा घ्यावा, तांब्याची १६ चौरस मिलिमीटर केबल, आणि काँटॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) कॅपॅसिटर ड्युटीचाच. साध्या काँटॅक्टरची टोकं चालू होतानाच्या झटक्याने चिकटतात, बँकेत, म्हणजे कॅपॅसिटरांच्या गटात, आधीच दुसरे कॅपॅसिटर चालू असतील तर फारच लवकर.

गाळ्यात व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) असतील तर हा सगळा हिशेब खालचा अंदाज समजा. फ्रिक्वेन्सी वाढली की कॅपॅसिटरचा विरोध कमी होतो, म्हणून व्हीएफडीचा पाचवा-सातवा हार्मोनिक (लाइनच्या पाचपट-सातपट फ्रिक्वेन्सीचा करंट) त्यातच शिरतो. ५०० केव्हीए, ५ टक्के इम्पीडन्सच्या ट्रान्सफॉर्मरचा फॉल्ट लेव्हल (शॉर्ट सर्किटला मिळू शकणारी पॉवर) १०,००० केव्हीए. त्यावर २०० केव्हीएआर चढवले, तर १०,००० ÷ २०० चं वर्गमूळ ७.०७, म्हणजे रेझोनन्स (ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर मिळून हार्मोनिक फुगवतात ती स्थिती) अगदी सातव्यावर. तिथे ७ टक्क्यांचा रिॲक्टर, म्हणजे कॅपॅसिटरच्या आधी एक कॉइल, लावतात. पण रिॲक्टर लावला की कॅपॅसिटरवर ४१५ ÷ ०.९३ = ४४६ व्होल्ट येतात, त्यामुळे ४४० चा चालत नाही; ५२५ सारखा जास्त व्होल्टचा लागतो ते याच कारणाने. अशा ठिकाणी टाँग टेस्टर ट्रू आरएमएस (बिघडलेल्या लहरीचाही करंट नीट मोजणारा) हवा, साधा चुकीचं वाचतो.

खरंच बिघडलेला कॅपॅसिटर ओळखायचा तर तिन्ही फेजचा करंट घ्या. ४१५ ला तिन्हीत ३१ च्या आसपास असेल तर ठीक. तिन्हीत २६ असेल तर धारिता सुमारे १६ टक्के उतरली, बदलायची वेळ झाली. एकात शून्य आणि दोघांत २७ असेल तर कॅपॅसिटरला नाव ठेवू नका, शून्याच्या फेजचा फ्यूज किंवा काँटॅक्टरचं टोक पाहा. एकात ३१ आणि दोघांत १८ असेल तर आत डेल्टाची (त्रिकोणात जोडलेल्या तीन कॅपॅसिटरांची) एक बाजू तुटली आहे, आणि ती त्या दोन १८ वाल्या टर्मिनलांच्या मधली.

खात्री करायची तर पुरवठा बंद करा, निदान तीन मिनिटं थांबा, मीटरने व्होल्टेज पाहा, मग टर्मिनलं शॉर्ट करा. डिस्चार्ज रेझिस्टर जळालेला असू शकतो, त्यामुळे नुसत्या घड्याळावर विसंबून हात घालायचा नाही. वायरी सोडवून कुठल्याही दोन टर्मिनलांमध्ये धारिता मोजा. २५ केव्हीएआर, ४४० व्होल्टच्या डेल्टात प्रत्येक बाजू १३७ मायक्रोफॅरडची असते, पण दोन टर्मिनलांमध्ये दीडपट, म्हणजे सुमारे २०५ दिसतात, कारण उरलेल्या दोन बाजू एकापाठोपाठ जोडून तिला समांतर येतात. एक बाजू तुटलेली असेल तर दोन जोड्यांत १३७ आणि तिसरीत ६८ दिसतील.