भाड्याचं घर नौपाड्यातच का घेतलं

आमची इमारत पुनर्विकासाला गेली. तीन मजली, लिफ्ट नसलेली, प्रत्येक जिन्यावर चपलांचा ढीग असलेली. ठाण्यात नौपाड्यात पूर्वी सगळ्या अशाच इमारती होत्या, आता मोजक्या उरल्यात. नवी इमारत उभी राहीपर्यंत बिल्डर भाडं देतो. त्या भाड्यात ठाण्यातच, पण दूर, हायवेच्या कडेला घोडबंदर रोडला दोन बेडरूमचा, बाल्कनीवाला, खाली पोहण्याचा तलाव असलेला फ्लॅट मिळत होता. नौपाड्यात तेवढ्याच पैशांत वन रूम किचन, आणि वर थोडी पदरची भर. आम्ही वन रूम किचन घेतलं. कपाटं नणंदेकडे ठेवली, डबल बेड भाच्याला दिला. मुलगा बंगळुरूहून फोनवर म्हणाला, "आई, तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे, जरा मोकळं राहा ना." नातेवाइकांनाही हे फारसं पटलेलं नाही. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून काढते.

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना माई म्हणतो. वय चौऱ्याऐंशी. काठी लागते, पण चालतात, आणि एकट्या चालतात. सकाळी पोळ्यांचा वास सुटला की त्या घंटाळी देवीच्या दर्शनाला निघतात. परतताना मेडिकलवाला त्यांच्यासाठी स्टूल बाहेर काढतो, तिथे पाच मिनिटं टेकतात, पुढे कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मावशींकडून दूर्वा नाहीतर सोनटक्का घेतात आणि घरी येतात. हे सगळं अर्ध्या किलोमीटरच्या आत. एखाद्या दिवशी माई दिसल्या नाहीत तर इस्त्रीवाला संध्याकाळी कपडे द्यायला आला की आधी विचारतो, "आजींना बरं नाही का?" आमच्यापैकी कुणीच त्याला माईंवर लक्ष ठेवायला सांगितलेलं नाही.

माझ्या एका मैत्रिणीची आई घोडबंदरला चौदाव्या मजल्यावर राहते. घर सुंदर आहे, वारा छान येतो, मुलगी जिवापाड सांभाळते. पण मुलगी कामावरून येईपर्यंत त्या खाली उतरत नाहीत, कारण खाली उतरून जायचं कुठे? गेटाबाहेर हायवेच आहे. मी ते पाहिलं होतं, म्हणून ब्रोकरने फ्लॅटचे फोटो पाठवले तेव्हा मला आधी माईंची काठी आठवली.

माईंचा दुसरा मुक्काम म्हणजे मराठी ग्रंथ संग्रहालय. ठाण्याबाहेरच्या लोकांना मामलेदारची मिसळ माहीत असते, हे माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. १८९३ हे साल आपल्याला सार्वजनिक गणेशोत्सवामुळे पाठ असतं. त्याच वर्षी, १ जूनला, ठाण्यात हे ग्रंथालय सुरू झालं. ते उभं करणाऱ्यांमध्ये वि. ल. भावे होते, पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी साहित्याचा इतिहास लिहिणारे. तेव्हा ते जेमतेम विशीत होते. मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक एका जागी मिळावं असं विशीतल्या मुलांना वाटतं, ते कामाला लागतात, आणि त्यांनी सुरू केलेल्या जागेतून आज माझ्या सासूबाई प्रवासवर्णनं घेऊन येतात. मला ही साखळी फार मोठी वाटते. दिवाळीनंतर तर माईंचा सुगीचा काळ. दिवाळी अंकांची वर्गणी भरायची आणि होळीपर्यंत एकेक अंक बदलून आणायचा. कुठला अंक वाचून झाला याच्या खुणा त्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर करतात.

माझं स्वतःचं सुख जरा वेगळ्या वस्तूंमध्ये आहे. मी बँकेत होते. नोकरीभर सकाळची आठची लोकल आणि रात्री साडेसातला परत, त्यामुळे ज्या वस्तीत राहिले ती दिवसाउजेडी मला निवृत्तीनंतरच दिसली. तेव्हा कळलं की इथे अजून वस्तू दुरुस्त होतात. जून लागायच्या आधी छत्रीवाला फुटपाथवर येऊन बसतो. समोर मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचा गठ्ठा. त्यातलीच एखादी काडी काढून तो तुमच्या छत्रीला बसवतो. मिक्सरचं भांडं, कुकरची शिट्टी, पर्सची चेन, चष्म्याचा स्क्रू, साडीचा फॉल-पिको, सगळं चालत जाऊन होतं, आणि बहुतेक वेळा पन्नासाच्या नोटेत होतं.

आणि गिरणी! तयार पिठाच्या पिशव्या घेणाऱ्यांना कदाचित हे सांगूनही कळणार नाही, पण ताज्या दळलेल्या भाजणीचा डबा कोमट असतानाच घरी आणणं ही माझ्यासाठी महिन्यातली मोठी गोष्ट आहे. आमचा गिरणीवाला गव्हावर भाजणी दळत नाही. तांदळाचं दळण झालं की मग भाजणी घेतो, म्हणजे जात्यात राहिलेल्या गव्हाच्या पिठाने तिचा खमंगपणा जात नाही. मी डबा ठेवून आले की तो स्वतःच ठरवतो कधी दळायचं. एप्रिल-मेमध्ये थोडं पुढे डंकावर मसाला कुटून घ्यायचा असतो. मिरच्यांच्या खाटेने अख्खी गल्ली शिंकत असते, तरी बायका नंबर सोडत नाहीत. मी पण सोडत नाही.

आमचे हे नाटकवेडे. गडकरी रंगायतन घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, मासुंदा तलावाच्या काठाला. १९७८ साली हे नाट्यगृह सुरू झालं. तिकिटं आता मोबाइलवर मिळतात, पण हे अजून खिडकीवर जातात. प्लॅन समोर ठेवून, बुकिंगवाल्याशी दोन गोष्टी बोलून, कोपऱ्यातल्या खुर्च्या घेतात, म्हणजे माईंना मधेच उठता येतं. मध्यंतरात बटाटेवडा हवाच. प्रयोग संपला की तलावपाळीला, म्हणजे त्याच तलावाच्या काठाने, एक फेरी. त्या फेरीत नाटकाची खरी चर्चा होते, आणि अनोळखी माणसंही त्यात भाग घेतात. एकदा शेवट पटला नाही म्हणून हे जरा मोठ्याने बोलले, तर बाजूच्या बाकावरचे आजोबा म्हणाले, "नाही हो, तुम्ही दुसऱ्या अंकात नीट लक्ष दिलं नाहीत." मग अर्धा तास आम्ही तिथेच. रिक्षा पकडायची घाई असती तर हे आजोबा आम्हाला भेटलेच नसते.

जानेवारीत सरस्वती शाळेच्या पटांगणात म्हाळगी व्याख्यानमाला असते. शाल गुंडाळून जायचं, खुर्ची मिळाली तर ठीक. वक्ते सगळेच आवडतात असं नाही, पण संध्याकाळच्या थंडीत शेकडो माणसं एका माणसाचं तासभर बोलणं गप्प बसून ऐकतात, हे बघायला मी जाते.

विष्णुनगरातल्या गजाननच्या वडापावबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात, नाहीतर माहेरचे रागावतील. वडा चांगला आहे, पण खरी गंमत त्या पिवळ्या, बेसनाच्या चटणीची. ती जवळजवळ पिठल्याच्या घराण्यातली. एवढं पुरे.

इथे सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. गोखले रोडवर संध्याकाळी चालणं म्हणजे स्कूटर, फेरीवाले आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक यांतून वाट काढणं. माईंना त्या वेळी आम्ही एकटं सोडत नाही. जोराचा पाऊस झाला की वंदना एसटी डेपोच्या बाजूला पाणी साचतं. आणि इमारती पडतात त्यांच्याबरोबर झाडंही जातात, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. आमच्या जुन्या कुंपणाशी बकुळ होती. बिल्डरच्या नकाशात ती आहे की नाही हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये विचारते, आणि विचारत राहणार आहे. नव्या इमारतीत आम्हाला दीडपट जागा मिळेल, पण मला ती बकुळसुद्धा हवी आहे.

आता ज्यासाठी मी खरं म्हणजे आजच लिहायला बसले, ते. रानभाज्या.

पहिला पाऊस पडला की येऊरच्या डोंगरातल्या पाड्यांवरून बायका सकाळी भाज्या घेऊन खाली येतात. काही जणी शहापूर, मुरबाडकडूनही येतात. जांभळी नाक्याला, कोपिनेश्वराच्या देवळाच्या आसपास, स्टेशनच्या रस्त्याला, प्लास्टिकचा कागद अंथरून बसतात. ठाण्याच्या डोंगरात काय उगवतंय याची बातमी मला त्या कागदावर मिळते. आधी शेवळं. मग फोडशी, टाकळा, कोरळ. पुढे भारंगी, आणि श्रावणाच्या सुमाराला करटोली. गणपतीच्या आधी त्याच बायका पत्री आणि तेरडा घेऊन बसतात. मॉलमधल्या भाजीच्या फडताळावर बाराही महिने एकच ऋतू असतो. इथे दर आठवड्याला कागदावरचा रंग बदलतो.

शेवळं मला लग्नाआधी माहीत नव्हती. जुन्या इमारतीत खालच्या मजल्यावर सीकेपी काकू राहायच्या, त्यांनी शिकवली. शेवळं म्हणजे जंगली सुरणाच्या जातीतला, जमिनीतून वर येणारा फुलोरा: लांब, टोकदार, तपकिरी-जांभळट. वरचं आवरण सोलायचं. आतल्या दांड्यावर खालच्या बाजूला पिवळा, दाणेदार भाग असतो, तो पूर्ण काढून फेकायचा, कारण त्याने घशाला भयंकर खाज सुटते. उरलेलं अगदी बारीक चिरायचं, हाताला तेल लावून. शेवळांबरोबर काकडं लागतातच. ही काकडी नव्हे, काकड नावाच्या झाडाची छोटी, हिरवी, आंबट फळं. ती ठेचून, उकडून, गाळून त्याचं पाणी भाजीत घालायचं, म्हणजे उरलीसुरली खाज मरते आणि आंबटपणाही येतो. काकू त्यात कोलंबी नाहीतर सोडे घालायच्या. आमच्याकडे चालत नाही, म्हणून मी भिजवून सोललेले वाल आणि कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण घालते. चव सांगणं अवघड आहे. मातकट, भरदार, मांसाहाराच्या जवळ जाणारी. माई कट्टर शाकाहारी, पण या भाजीला दुसऱ्यांदा वाढून घेतात.

मी ज्या बाईंकडून घेते त्या ओळख पटल्याशिवाय शेवळं देत नाहीत. नवीन माणूस असेल तर आधी विचारतात, "करता येतंय काय?" येत नसेल तर तिथेच बसून, एक शेवळ सोलून, पिवळा भाग काढून दाखवतात. गिऱ्हाईक खोळंबलं तरी चालेल. तिशीतल्या दोन मुली परवा त्यांच्यासमोर उकिडव्या बसून फोनवर व्हिडिओ काढत होत्या आणि बाई शांतपणे सांगत होत्या, काकडं किती ठेचायची, पाणी कधी टाकायचं. मी पिशवी घेऊन मागे उभी होते. माझा नंबर यायला वेळ लागला, पण काकूंनी मला जे ओट्यापाशी शिकवलं ते इथे रस्त्यावर कुणीतरी शिकतंय, हे बघून जीव सुखावला. भाव मी कधीच करत नाही. पहाटे जंगलात वाकून वेचलेल्या वस्तूचा भाव करू नये असं माझं ठाम मत आहे.

तर, ठाण्यातल्यांसाठी: शेवळं आली आहेत. साडेआठनंतर उरत नाहीत, त्यामुळे सकाळी साडेसातला जांभळी नाक्यावर पोहोचा. जुडी घट्ट, टोकं न उमललेली बघून घ्या. काकडं जुडीबरोबरच देतात, नाही दिली तर मागून घ्या. सुटे पैसे न्या. पावसाने असाच जोर धरला तर आठवडा-दहा दिवसांत ती संपतील आणि फोडशी सुरू होईल. तिची भाजी मूगडाळ घालून कशी करतात ते पुढच्या वेळी लिहीन.