धुराचा वास आणि तांब्याची तार

लोअर परळच्या ज्या रेस्टॉरंटचा बार मी सांभाळतो, तिथे नवी बाटली यादीत घ्यायची की नाही हे आम्ही सकाळीच ठरवतो. सकाळी नाक ताजं असतं. तेवढा तासभर फोडणी द्यायची नाही असं किचनला सांगितलेलं असतं. अत्तर, परफ्यूम लावून कुणी यायचं नाही, मोगऱ्याचा गजरासुद्धा नाही. त्या दिवशी जुलैचा पाऊस कोसळत होता, लोकल रखडल्या होत्या, तरी सगळे वेळेवर हजर होते. बाटलीच तशी होती: एका छोट्या भारतीय डिस्टिलरीची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत नुसत्या मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की, आधी बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या बॅरलमध्ये मुरलेली आणि शेवटचे काही महिने रेड वाइनच्या बॅरलमध्ये ठेवलेली.

अशा व्हिस्कीबद्दल मला मनापासून आस्था आहे. बंगळुरूच्या अमृतने 2004 मध्ये आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा बाजारात आणली ती थेट ग्लासगोत. आज हरियाणाची इंद्री-त्रिनी बर्बन, फ्रेंच वाइन आणि पीएक्स शेरी (गोड स्पॅनिश वाइन) अशा तीन प्रकारच्या बॅरलांत मुरते आणि मुंबईतलं गिऱ्हाईक ती नाव घेऊन मागतं. म्हणून नव्या, छोट्या लोकांची बाटली आली की मी ती जास्त कसून तपासतो. तोंडदेखलं कौतुक करून त्यांना परत पाठवणं मला पटत नाही.

टेबलाभोवती आम्ही सहा जण होतो. मी, आमचे कॅप्टन काका, दोन तरुण बारटेंडर, वाइनच्या यादीसाठी नाशिकहून आलेली माझी वाइनमेकर मैत्रीण आणि डिस्टिलरीचा प्रतिनिधी, कोल्हापूरकडचा एक उमदा मुलगा. व्हिस्कीचा वास घेण्यासाठीच्या निमुळत्या ग्लेनकेर्न ग्लासात प्रत्येकी 20 मिली ओतली. रंग पाहूनच जीव लागावा असा, तांबूस लालसर. पण रंगावर मी कधीच जात नाही. वाइनचं बॅरल रंग लवकर देतं, त्यावरून आतल्या मालाचं काही कळत नाही.

पहिल्यांदा नाक लावलं तेव्हा काळ्या मनुकांचा वास आला, मागोमाग जळकट असं काहीतरी. दोघांपैकी धाकटा बारटेंडर खूश झाला. "सर, मस्त स्मोकी आहे! मेन्यूत तसंच लिहू, हातोहात खपेल." काकांनीही मान डोलावली. प्रतिनिधीच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

स्मोकी व्हिस्कीसाठी बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवतात. मी प्रतिनिधीला विचारलं, "बार्ली पीटच्या धुरावर वाळवली होती का?"

"नाही सर. आमच्याकडे पीट वापरतच नाहीत."

मग धूर आला कुठून? पीटच्या धुराचा वास मला चांगला ठाऊक आहे. त्यात डांबर असतं, राख असते, दवाखान्यातल्या औषधाची छटा असते. इथे यातलं काहीच नव्हतं. बॅरल आतून भाजलेलं असतं, त्याचा हा वास असेल, असं काका म्हणाले. शंका रास्त होती. पण भाजलेल्या ओकच्या लाकडाचा वास गोडसर असतो, कॉफी-व्हॅनिलाकडे झुकणारा. हा वास कोरडा होता आणि नाकाच्या शेंड्याला टोचत होता.

मैत्रीण तोवर गप्प होती. तिने ग्लासात पाणी घालून व्हिस्की चांगली पातळ केली. मद्यार्क साधारण 20 टक्क्यांवर आणला की तो नाकाला झोंबत नाही आणि लपलेले दोष वर येतात, वेगवेगळ्या व्हिस्की मिसळणारे ब्लेंडरही असंच करतात. ग्लासावर तळहात ठेवून तिने तो फिरवला, हात काढला, वास घेतला आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. "दिवाळीत टिकल्या फोडल्यावर बोटांना येतो तो वास आठव. हा धूर नाही रे, गंधक आहे."

आणि एकदम सगळं जुळलं. वाइनचं बॅरल रिकामं झालं की ओल्या लाकडात बुरशी धरते, आंबट करणारे जिवाणू वाढतात. ते होऊ नये म्हणून गंधकाची वात पेटवून बुचाच्या भोकातून तारेने आत सोडतात, भोक बंद करतात आणि तो वायू आत कोंडतात. हे काम तिने नाशिकला स्वतःच्या हातांनी केलेलं आहे. बॅरल बरेच दिवस रिकामं राहिलं तर हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. नंतर ते नीट धुतलं नाही, तर लाकडात बसलेलं गंधक पुढच्या मालात उतरतं.

प्रतिनिधी गोंधळला. "पण मॅडम, आमची भट्टी तांब्याची आहे. तांबं गंधक धरून ठेवतं ना?"

मुद्दा बरोबर होता, आणि त्यानेच उत्तर दिलं होतं. तांब्याच्या भांड्यात ऊर्ध्वपातन करण्याचं एक मोठं कारण हेच, की गंधकाची संयुगं तांब्याला चिकटतात आणि दारू स्वच्छ निघते. म्हणजे भट्टीतून माल बहुधा स्वच्छच बाहेर आला होता. वास त्यानंतर लागला, बॅरलमध्ये.

खात्री करायला तांबंच हवं होतं. काऊंटरवरच्या गणपतीपुढे तांब्याची पळी होती. बारटेंडरने तिच्याकडे पाहिलं, काकांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो विषय तिथेच संपला. इलेक्ट्रिशियनच्या पेटीतून वायरचा तुकडा आणला, वरचं प्लास्टिक सोललं, लिंबू-मिठाने घासून तार चकचकीत केली आणि धुऊन पुसली. एकसारखे दोन ग्लास घेतले. एकात तार सोडून मिनिटभर ढवळली, दुसरा तसाच ठेवला. तारेचा ग्लास फक्त वास घेण्यासाठी होता, त्यातलं कुणी प्यायलं नाही.

मग दोन्ही ग्लास बदलत राहिलो. तार घातलेल्या ग्लासातला जळकटपणा पूर्ण गेला नव्हता, गंधकाची काही संयुगं तांब्यालाही दाद देत नाहीत. पण तो इतका कमी झाला, की खालून जांभळाचा, संत्र्याच्या सालीचा आणि माल्टचा बिस्किटासारखा वास मोकळा झाला. उत्तम व्हिस्की होती ती! धाकट्या बारटेंडरने चार वेळा दोन्ही ग्लास हुंगले आणि स्वतःच म्हणाला, "सर, स्मोकी नको लिहायला."

माझं म्हणणं एवढंच आहे, की वाइनच्या बॅरलने माल्टला जोड द्यावी, त्याच्यावर पांघरूण घालू नये. आपल्या हवेत तर याची जास्तच काळजी घ्यायला हवी. स्कॉटलंडमध्ये बॅरलमधून वर्षाला सुमारे 2 टक्के माल उडून जातो, आपल्याकडे 10 टक्क्यांच्या आसपास. उष्णतेमुळे लाकूड झपाट्याने काम करतं, तिकडे काही वर्षांत येतो तो रंग इथे काही महिन्यांत येतो. बॅरलचा दोषही मग तितक्याच वेगाने उतरतो. तैवानही उष्णच. तिथल्या कावालान डिस्टिलरीने वाइनची बॅरलं आतून तासून, भाजून, पुन्हा जाळून वापरली. त्या पद्धतीमागे डॉ. जिम स्वान हे व्हिस्कीतज्ज्ञ होते. अशाच बॅरलांतल्या सोलिस्ट व्हिन्हो बारिकला 2015 मध्ये वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट ठरवलं गेलं. बॅरल विकत घेण्याइतकंच ते तयार करणंही महत्त्वाचं, हे मी त्या मुलाला आमच्या टेबलावरच सांगितलं, त्याच्या तोंडावर आणि आपुलकीने.

त्याने तिथूनच डिस्टिलरीला फोन लावला. बॅरलं जहाजाने आली होती आणि भरण्याआधी बराच काळ गोदामात रिकामी पडून होती. आमचं सॅम्पल एकाच बॅरलमधलं होतं. मी म्हणालो, त्याच खेपेतल्या दुसऱ्या बॅरलचं पाठव, आम्ही थांबतो.

ते ऑगस्टमध्ये आलं. तेच टेबल, तीच माणसं, फक्त मैत्रीण नाशिकला होती. तिच्यासाठी छोटी बाटली भरून पाठवली. या वेळी जळकट काही नव्हतं. जांभूळ, संत्र्याची साल, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना रेड वाइनचा हलका तुरटपणा. काकांना अजूनही पहिलीच जास्त आवडते, आणि असं आवडणारे पुष्कळ जण आहेत. यादीत मात्र दुसरी गेली. सोबत पाणी वेगळ्या छोट्या सुरईत द्यायचं, आणि बर्फ गिऱ्हाइकाने मागितला तरच.